खैरबोडीचा गहू

१

शनिवारी सकाळी खैरबोडी तलावाच्या काठावर हंस मरून पडले होते आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसं फोटो काढत होती. कोणी रडतही होतं. पण रडताना फोन हातातच होता, म्हणून मला त्या रडण्याची फारशी दया आली नाही.

मी डॉक्टर चारुशीला पिंपळापुरे. ढोरांची डॉक्टर, आता निवृत्त. मुक्काम नागपूर, सक्करदरा. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यक साहेब रजेवर होते, म्हणून वनपाल अमोलनं मला फोन केला. "मॅडम, तुम्हीच या. दुसरं कोणी नाही." एवढ्या गोड शब्दांत बोलावल्यावर कोण नाही म्हणणार? गाडी काढली आणि मौदा रोडला लागले.

खैरबोडी म्हणजे मालगुजारीच्या काळातला जुना तलाव. थंडीत इथं पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले करडे हंस. हिमालय ओलांडून येतात. एवढं ओलांडून इथं येऊन मरायचं, म्हणजे काय नशीब!

रविवारी मुंबईहून समिती येणार होती. तिला पक्षी दिसले, तर तलावाला पाणथळ जागेचं संरक्षण मिळणार होतं आणि काठाचं बांधकाम कायमचं थांबणार होतं. त्यासाठी अश्विन हटवार नावाचा माणूस सहा वर्षं खपला होता. नागपूरच्या पक्षिमित्र मंडळाचा तो प्रमुख. चांगली नोकरी सोडून बसलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. मी पोचले तेव्हा तो चिखलात गुडघ्यावर बसला होता.

"कोणी केलं ते मला माहीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "चला, दाखवतो."

त्यानं मला तलावालगतच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेलं. गवत दवानं इतकं भिजलेलं होतं, की माझी सलवार घोट्यापर्यंत ओली झाली. धुऱ्यावर मूठभर गहू पडला होता. गुलाबी गहू. कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं बियाणं असतं ना, ते. मी चिमूटभर उचलून पांढऱ्या रुमालात बांधला.

"शेत कोणाचं?" मी विचारलं.

"महादेवराव भोयर," अमोल म्हणाला. "त्याच्या कोठ्यात याच बियाण्याचं अर्धं पोतं सापडलं. त्याला घेऊन गेले, मॅडम. उद्या कोर्टात उभा करतील. वन्यजीवाचा गुन्हा आहे, लवकर सुटायचा नाही."

२

महादेवरावनं धमकी दिली होती, हे खरंच होतं. साऱ्या गावादेखत दिली होती.

हंस दिवसभर तलावाच्या मध्यभागी बसून राहतात. पहाटे आणि सांजेला उठून चरायला जातात, आणि चरायला त्यांना महादेवरावचंच शेत पसंत होतं. कोवळा गहू, लाखेच्या डाळीची कोवळी लाखोरी, सगळं बुडापासून खुडायचे. दिवाळीनंतर अश्विनच्या मंडळानं गावात कार्यक्रम घेतला आणि नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यांना मैत्री म्हणून गव्हाचं बियाणं वाटलं. हार, भाषण, फोटो. तिथं महादेवराव पोतं खांद्यावर घेऊन माईकसमोर गेला आणि म्हणाला, "बियाणं देता, ठीक हाये. पन तुमच्या बदकाइनं आणखी खाल्लं तर एक दिवस सगळ्याइले जहर घालीन, सांगून ठेवतो!" लोक हसले होते. ते हसणं आता कोणाच्याच लक्षात नव्हतं, धमकी तेवढी सगळ्यांना पाठ होती.

त्याची बायको सुभद्राबाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. समोर पक्षिमित्रांची दोन पोरं उभी राहून घराचा व्हिडिओ काढत होती. मी त्यांना अशा शब्दांत हाकललं, की ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

"बाई, धनी शिव्या देतात," सुभद्राबाई म्हणाली. "रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहून बदकाइच्या मायबापाचा उद्धार करतात. पन कधी गोटा मारला नाई. मी म्हटलं, फटाके फोडा, तं म्हने, राहू दे वं, दूरून येऊन राहिले बिचारे."

"मग पोतं अर्धंच का उरलं?"

"अर्ध्या वावरात गहू पेरला, अर्ध्यात लाखोरी. उरलं ते ठेवलं. फेकून देऊ का? गावात सगळ्याइच्या घरी असंल तसंच पोतं. आमच्याच घरी काहून आले?"

हे तिनं मला विचारलं, जणू मीच पोलीस होते.

"अन् ते बेसाचे विक्रमसेठ येऊन गेले," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "म्हने, वकील मी देतो, काळजी नोका करू."

विक्रमसेठचं नाव ऐकलं आणि मला वाटलं, सापडला. पाणी कोणाच्या अंगणात मुरतंय ते कळलं.

३

विक्रम सावरबांधे नागपूरलगतच्या बेसाकडे लेआउट टाकून मोठा झालेला माणूस. आता त्याचा डोळा खैरबोडीवर होता. तलावाच्या त्या काठाची सगळी शेतं त्यानं घेतली होती, मध्ये एकट्या महादेवरावचं राहिलं होतं. त्या शेतातून रस्ता काढल्याशिवाय त्याचा एकही प्लॉट विकला जाणार नव्हता. पाच वर्षं तो हात जोडत होता आणि महादेवराव त्याला चहा पाजून परत पाठवत होता.

मी त्याला साइटवरच गाठलं. पत्र्याच्या ऑफिसात त्यानं माझ्यासाठी खुर्ची स्वतः पुसली.

"मॅडम, तुम्हाले वाटून राहिलं असंल, मी मारले," तो हसत म्हणाला. "बरोबर हाये. मीही तुमच्या जागी असतो तर हेच समजलो असतो. पन हे पाहा."

त्यानं टेबलावर रंगीत पत्रक ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत 'हंस विहार' आणि खाली पाण्यावर पोहणारे पट्टकादंब.

"हे माझं प्रोजेक्ट. गिऱ्हाईक काय पाहून येते? हे पक्षी पाहून. मुंबई-पुण्याचे लोक फोन करून इचारतात, गॅलरीतून दिसतील ना? मेलेल्या हंसाच्या तलावाशेजारी घर कोण घेईल, सांगा? सकाळपासून दोन बुकिंग कॅन्सल. मले महादेवरावचं वावर पायजे, मॅडम. बदकं मारून मले काय भेटते?"

"आणि समितीनं तलावाला संरक्षण दिलं असतं तर?"

"तर मी वरच्या अंगाले सरकलो असतो. भाव अजून वाढला असता." तो मोकळेपणानं म्हणाला. निर्लज्ज होता, पण त्या दिवशी मला भेटलेल्यांपैकी खरं बोलणारा तोच एक, याचाच मला जास्त राग आला.

निघताना त्यानं फोन पुढे केला. "अश्विनभाऊनं काल दुपारीच हा फोटो टाकला ना? झकास! मी पत्रकासाठी मागणार होतो."

तो फोटो मीही पाहिला होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साऱ्या नागपूरच्या ग्रुपांवर फिरत होता. लखलखीत दुपारचं ऊन, काठावरचं उथळ पाणी, आणि अगदी जवळ पट्टकादंबांचा थवा, माना खाली घालून. मानेवरच्या पिसांच्या रेघासुद्धा मोजता याव्यात इतका जवळ. 'समितीसाठी खैरबोडीची भेट', असं खाली लिहिलेलं.

मी फोटो पाहिला, छान म्हटलं आणि गाडीत बसले. मेलेल्या हंसांची पोटं अजून फाडायची होती.

४

वनखात्याच्या शेडमध्ये मी पाच हंस उघडले. आतड्यांची अवस्था बघून विष आहे हे लगेच कळलं. हंसाच्या गळ्याच्या नळीत शेवटचं खाणं जसंच्या तसं राहतं. पाचही गळ्यांत गहू होता. पण गुलाबी नव्हता.

साधा, पिवळसर, फुगलेला गहू. मी चक्रावले. धुऱ्यावरचा गहू भडक गुलाबी आणि पोटातला पिवळसर? मग महादेवरावच्या धुऱ्यावरचा गहू एकाही हंसानं खाल्लेला नव्हता.

मी एक दाणा भिंगाखाली धरला. गव्हाच्या पोटाशी एक खाच असते, उभी. त्या खाचेत गुलाबी रेघ होती. दुसरा दाणा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांच्या खाचेत तीच बारीक गुलाबी रेघ. बाकी दाणा स्वच्छ.

म्हणजे बियाणं तेच होतं, फक्त कोणीतरी ते धुतलं होतं. चोळून चोळून धुतलं होतं.

मी हातमोजे काढले आणि बाहेर येऊन बसले. अमोल चहा घेऊन आला. त्याला काही सांगितलं नाही, कारण मलाच सांगता येत नव्हतं. आपण कशाला धुतो? खायला घालायचं असतं म्हणून धुतो. मारायला निघालेला माणूस विष धूत बसत नाही.

मग खुनी शोधण्यात काहीच अर्थ नव्हता. मला हंसांवर माया असलेला माणूस शोधायचा होता.

खिशातून रुमाल काढला. सकाळी धुऱ्यावरून उचललेले दाणे सोडले. रुमाल पांढराशुभ्र होता. मी बोट ओलं करून एका दाण्यावर फिरवलं, आणि बोट त्याच क्षणी गुलाबी झालं. माझी सलवार घोट्यापर्यंत भिजवणारं दव, आणि त्या दवात रात्रभर पडलेला गहू कोरडा ठणठणीत? तो गहू रात्री तिथं नव्हताच. सकाळी, आम्ही पोचण्याच्या जरा आधी कोणीतरी तो तिथं टाकला होता.

"अमोल," मी म्हटलं, "धुऱ्यावरचा गहू पहिल्यांदा कोणी पाहिला?"

"अश्विनभाऊंनी," अमोल म्हणाला. "का, मॅडम?"

५

एका माणसाला एकदम गुन्हेगार ठरवू नये. माझं डोकं गरम असलं, तरी एवढं भान मला आहे. अश्विनला तो गहू दिसला, म्हणजे त्यानंच टाकला असं होत नाही. वाटून उरलेलं बियाणं मंडळाच्या काठावरच्या खोलीत होतं, आणि तिथं येणं-जाणं असणारी आणखी एक व्यक्ती होती, गोपिका मारबते. ढिवरांच्या मासेमारी सोसायटीची बाई, मंडळानं तिला तलावाची राखण दिली होती. मंडळाची खोली, खोलीपुढं घाट आणि घाटाशेजारी हिरव्या जाळीचं लपण, जिथं बसून फोटो काढतात. तिन्ही गोष्टी एकमेकींना लागून.

आणि मेलेले हंस सगळेच्या सगळे त्या लपणासमोर पडले होते. महादेवरावचं शेत मात्र लपणाच्या समोरच्या काठाला.

गोपिका घाटावर जाळं दुरुस्त करत होती. मला बघून उठली नाही.

"तुले काही माहीत हाये का वं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मले काय माहीत राहीन, बाई? मी काल मौद्याच्या बाजारात मासोळी घेऊन गेली होती. आली तं माझंच नुकसान." ती वैतागून घाटाकडे बोट दाखवत म्हणाली. "इथी बारीक मासोळ्या उलट्या पडल्या होत्या. रोहूचं बीज सोडलं होतं आम्ही. भाऊले सांगितलं, तं म्हने, थंडीनं मेले असतील. थंडीनं मासोळी मरते का, बाई?"

"भाऊ म्हणजे अश्विन?"

"तं अजून कोण? काल खोलीची किल्ली त्याइच्याजवळच होती." बोलता बोलता ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या हातातली सुई खाली पडली. "बाई, भाऊनं बदकं मारले म्हनता का? अवं, तो माणूस बदकासाठी मरून राहिला!"

"तेच तर," मी म्हटलं.

आता काहीच अडत नव्हतं. महादेवरावनं बियाणं धुतलं नसतं, शेतकरी औषधाच्या बियाण्याला हात लावून जेवायलासुद्धा बसत नाही, ते विष धुऊन जात नाही हे त्याला ठाऊक असतं. विक्रमला जिवंत हंस हवे होते. गोपिकानं ज्या पाण्यात स्वतःचं मत्स्यबीज सोडलं, त्याच पाण्यात ती गहू कशाला धुवेल? आणि फोटो! दुपारी मध्यभागी झोपा काढणारे हंस, भर उन्हात काठाला येऊन माना खाली घालून काय करत होते? साऱ्या नागपूरनं तो फोटो पाहिला, वाहवा केली. मीही केली. त्यांच्या चोची कशात बुडाल्या आहेत हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

खोलीचं दार लोटलेलं होतं. मी आत गेले.

६

अश्विन जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. कोपऱ्यात वाटून उरलेल्या बियाण्याची पोती होती, एकाचं तोंड उघडं.

"किती वेळा धुतलास?" मी विचारलं.

त्यानं नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दोनदा," तो म्हणाला. "घाटावर. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मला वाटलं, तो नुसता रंग असतो, माणसांनी खाऊ नये म्हणून खूण केलेली. समितीचे लोक अर्धा तास थांबतात, मॅडम. दुर्बिणीतून मध्यावरचे काळे ठिपके बघतात आणि बदकं आहेत म्हणून लिहून जातात. मला ते जवळ आणायचे होते. शुक्रवारी टाकून पाहिलं, आले. किती सुंदर आले! मी रडलो त्या लपणात बसून."

"आणि सकाळी?"

"सकाळी..." त्यानं नजर उघड्या पोत्याकडे वळवली. "सकाळी मला कळलं, की मी सहा वर्षं घालवली ती गेली. मंडळानंच पक्षी मारले, असं झालं तर तलाव संपला. मग वाटलं, महादेवराव तर बोललाच होता. सगळ्यांनी ऐकलं होतं."

"म्हणून त्याच्या धुऱ्यावर गहू टाकलास."

"तो सुटेल, मॅडम. पुरावा कुठं टिकतोय? महिना, दोन महिने. पण तोवर तलावाचं काम होऊन जाईल. शेतकऱ्यांपासून पक्ष्यांना धोका आहे म्हटल्यावर समिती उलट लवकर मंजुरी देईल." तो उठला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "तुम्ही फक्त एवढंच लिहा, की पोटात विषारी गहू सापडला. ते खोटं नाही ना? धुतला की नाही, ते लिहायची काय गरज? मॅडम, हा तलाव गेला तर परत होत नाही."

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. तो लबाड नव्हता. त्याला हंसांचा एकेक पट्टा ओळखता येत होता, आणि ते ज्याच्या शेतावर जगत होते तो माणूस मात्र त्याला कधी दिसला नाही.

"पुढच्या वर्षी हंस आले तर खातील कुठं, अश्विन?" मी विचारलं.

त्याला प्रश्न समजला नाही. मी घरी आले आणि रविवारी सगळं लिहून दिलं. धुतलेला गहू, खाचेतला रंग, घाटावरचे मासे, कोरडे दाणे, सगळं.

७

पुढं जे व्हायचं ते झालं. महादेवराव सुटला. अश्विनला धरलं. समिती खैरबोडीला आलीच नाही, वाटेतूनच परतली म्हणतात. वर्तमानपत्रांनी 'पक्षिमित्रच भक्षक' असा मथळा दिला आणि तो लिहिणाऱ्याला बहुधा स्वतःचं कौतुक वाटलं असेल. तलावाची फाइल कुठल्याशा कपाटात गेली.

तरी मला वाटत होतं, सगळं गेलेलं नाही. हंस उरले होते, आणि महादेवरावचं शेत होतं. पाच वर्षं न विकलेलं शेत. जोवर ते मध्ये आहे, तोवर विक्रमचा रस्ता होत नाही आणि हंसांना चारा मिळतो. समितीच्या शिक्क्यापेक्षा तो म्हाताराच तलावाला जास्त राखत होता, शिव्या देत देत. हे मला त्याला सांगायचं होतं. म्हणून संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले.

शेताला तारेचं कुंपण पडलं होतं. गव्हावरून, लाखोरीवरून सरळ मुरुमाचा पट्टा टाकला होता, रोलर उभा होता. महादेवराव घराच्या ओट्यावर खाटेवर बसला होता. मला बघून उठला, आत हाक मारून चहा सांगितला.

"विकलं?" मी विचारलं.

"विकलं."

"पण तुम्ही तर पाच वर्षं..."

"पाच वर्षं नाई म्हटलं, खरं हाये." तो शांतपणे बोलत होता, त्याला शिव्या देताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकायला मिळाल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं. "डॉक्टरबाई, तुमी मले सोडवलं. तुमचे उपकार मी इसरणार नाही. पन मले गाडीत बसवून नेत होते ना, तवा अर्धं गाव अन् ते सारे पक्षीवाले उभे होते. त्यातले कितीक माझ्या ओट्यावर चहा पिऊन गेले होते. धुऱ्यावर उभे राहून माझ्याच वावरातले बदकं पाहत होते. एकानं तरी म्हनावं, का हा माणूस असं नाही करणार. एकानंही नाही म्हटलं, बाई."

सुभद्राबाई चहा ठेवून उभी राहिली. कोणीच कप उचलला नाही.

"लॉकअपमदी इचार करत होतो," तो म्हणाला, "मी कोणासाठी हे वावर धरून ठेवलं? पोरगा पुण्याले. मले काही कमी नाही. ते पाखरं सांजेले उतरायचे तं बरं वाटे, बस. मी बोंबलायचो, ते खायचे. आमचं चाललं होतं."

तलावाच्या मध्यभागी काही हंस बसलेले दिसत होते. उन्हं कलली होती, त्यांची उठायची वेळ झाली होती. मला राहवलं नाही.

"आता ते खातील काय, महादेवराव?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, थकल्यासारखं.

"मले काहून इचारता?" तो म्हणाला. "त्याइच्या मित्राइले इचारा."